स्कायडायव्हिंग: राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र घ्यावं की नाही?

गोदाकाठची · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. राहायला पंचवटीत, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात. गेल्या वर्षी उज्जैनजवळच्या दताना हवाई पट्टीवर टँडम उडी मारली, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन. दहा हजार फुटांवर दार उघडलं तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. खाली उतरले ती मात्र हे ठरवूनच की आता एकटीनं उडायला शिकायचं. जानेवारीत थायलंडला कोर्स करायला जातेय. आईबाबांना पटवायला आठ महिने लागले.

आता अडलंय ते असं. एक ओळखीचे गृहस्थ त्यांचं जुनं किट विकतायत. हार्नेस, मुख्य छत्री, राखीव छत्री आणि त्यात बसवलेलं एएडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एएडी म्हणजे राखीव छत्रीच्या कप्प्यात बसणारी साबणाच्या वडीएवढी डबी. ती सतत हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंची आणि पडण्याचा वेग काढते. जमिनीपासून साधारण २२५ मीटरवर येऊनही तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असाल, तर ती एक बारीकसा बार उडवते. त्यानं एक पातं सरकतं, कप्पा बंद ठेवणारी दोरी कापली जाते आणि राखीव छत्री बाहेर पडते. तुम्ही बोटही हलवलेलं नसलं तरी.

गृहस्थ म्हणतात, "हे नको असेल तर साठ हजार कमी दे. मी इतकी वर्षं उड्या मारल्या, एकदाही वाजलं नाही. तुला हात आहेत ना?" प्रशिक्षण केंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या, ते नसेल तर विमानात चढवणार नाही. साठ हजार ही माझी पाच महिन्यांची बचत आहे. काय करू?

मखमलाबाद · रात्री ९.१८

साठ हजार परत मिळवता येतात. घ्या.

घाटवाटा · रात्री ९.५२

थोडं उलट मत मांडतो, राग मानू नका ताई. मी स्कायडायव्हर नाही, पण वीस वर्षं सह्याद्रीत दोरावर चढतोय. आमच्याकडे खालून दोर सांभाळणाऱ्यासाठी आपोआप अडकणारी यंत्रं आली. चांगलीच आहेत. पण नवीन पोरांच्या हातात ती आली आणि त्यांचा खालचा हात दोरावरून सुटायला लागला. एकदा हरिहरच्या बाजूच्या एका कातळावर मी स्वतः पडलो. खालचा मुलगा दोर सोडून पाण्याची बाटली उघडत होता. यंत्र अडकलं, पण दोन मीटर उशिरा. घोटा सुजून भोपळा झाला. तो मुलगा वाईट नव्हता, त्याच्या डोक्यात बसलं होतं की यंत्र आहे.

तुमच्याच क्षेत्रातला बिल बूथ, ज्यानं मुख्य छत्री एका झटक्यात सोडून देणारी तीन कड्यांची रचना शोधली, तोसुद्धा हेच सांगत आलाय: साधनं जितकी सुरक्षित होतात तितका माणूस जास्त धोका पत्करतो आणि हिशेब पुन्हा तिथंच येतो. म्हणून माझं मत असं की पहिल्या दिवसापासून डबी पाठीवर असेल तर तुमचा हात कधी पूर्ण तयार होणार नाही.

दोनशे_उड्या · रात्री १०.३५

मूळचा इंदिरानगरचा, सध्या ऑस्ट्रेलियात. उड्या आता दोनशे चाळीसच्या वर आहेत, पण इथलं नाव तेव्हाचं आहे.

ताई, आधी एक गोष्ट मोकळी करतो. कोर्ससाठी किट विकत घ्यायची गरजच नाही. शिकाऊंना केंद्राचंच किट मिळतं आणि त्यात एएडी असतंच. अमेरिकेच्या संघटनेच्या नियमात शिकाऊ आणि टँडम या दोघांना ते सक्तीचं आहे. परवानाधारक एकट्यानं उडी मारत असेल तर तिथला कायदा सक्ती करत नाही, पण बरेच ड्रॉपझोन, म्हणजे उड्यांची केंद्रं, स्वतःचा नियम म्हणून करतात. शिवाय छत्रीचा आकार तुमच्या वजनावर आणि अनुभवावर ठरतो. त्या गृहस्थांची छत्री त्यांच्या वजनाची आणि त्यांच्या हाताची असणार. पंचवीस उड्या आणि पहिला परवाना होईपर्यंत काहीही खरेदी करू नका.

आता घाटवाटा यांच्या मुद्द्याकडे. बूथचं म्हणणं इथं सगळ्यांना पाठ आहे आणि ते खोटं नाही. आज जे मरतात त्यातले बरेचसे पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत छत्रीखाली मरतात. जमिनीजवळ जोरात वळण घेतात आणि आपटतात. त्यात डबी काहीही करू शकत नाही. पण चित्राची दुसरी बाजूही बघा. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून जास्त लोक या खेळात जायचे. २०२४ मध्ये पूर्ण वर्षात नऊ गेले. सगळं श्रेय यंत्राला देत नाही, प्रशिक्षण सुधारलं, छत्र्या सुधारल्या. तरी "वेळेवर काहीच ओढलं नाही" हा मृत्यूचा प्रकार पूर्वी नेहमीचा होता, तो आता क्वचित ऐकू येतो. हे मुख्यतः १९९१ मध्ये जर्मनीहून सायप्रेस नावाचं एएडी आलं त्यानंतरचं आहे.

आणि "हात आहेत ना" याला उत्तर देतो. मोकळं पडताना वेग सेकंदाला साधारण ५४ मीटर असतो. २२५ मीटर म्हणजे जमीन चार सेकंदांवर आली. राजाबाई टॉवर एकावर एक अडीच उभे केले तर जेवढी उंची होईल, त्याहून जरा जास्त. तिथपर्यंत येऊनही ज्यानं काही ओढलेलं नाही, त्याचे हात त्या क्षणी त्याचे राहिलेले नसतात.

सातपूर_कॅलिब्रेशन · रात्री ११.०५

माझं काम दाबमापकांचं, म्हणून याच गोष्टीवर नजर गेली. ही डबी उंची मोजत नाही, दाब मोजते. चालू करता तेव्हा जिथं उभे आहात ती जमीन तिच्यासाठी शून्य. मग घरी नाशकात चालू केली आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उडी मारली तर?

दोनशे_उड्या · रात्री ११.२०

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. नियम असा की जिथं उतरणार त्या मैदानावरच चालू करायचं. विमानातही नाही आणि घरीही नाही. मैदान सोडून दुसऱ्या उंचीवर गेलात तर बंद करून तिथं पुन्हा चालू करायचं.

चालू करण्याची पद्धतही मुद्दाम अवघड ठेवली आहे. बटण दाबलं की थोड्या वेळानं लाल दिवा लुकलुकतो, तो दिसताच पुन्हा दाबायचं, असं एकूण चार वेळा. एकदा चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. मग ते स्वतःची तपासणी करतं, पडद्यावर १० पासून आकडे उतरत ० वर थांबतात. चौदा तासांनी आपोआप बंद होतं. मी रोज सकाळी ते आकडे उतरताना बघत उभा राहतो, चहाचा कप बाजूला ठेवून.

सातपूर_कॅलिब्रेशन · रात्री ११.४१

मग नाशिकचाच हिशेब मांडतो, सगळ्यांना कळेल. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. समजा डबी इथं चालू केली आणि कसारा घाट उतरून किनाऱ्यावर उडी मारली. तिचं शून्य नाशकातलं. म्हणजे तिथल्या जमिनीपासून ८२५ मीटरवरच ती "आता जमीन आली" असं समजेल. तेवढ्यात तुम्ही मुख्य छत्री उघडत असाल तर दोन्ही बाहेर.

उलटं त्याहून वाईट. किनाऱ्यावर चालू करून घाट चढून इथं आलात, तर तिचं शून्य आपल्या पायांखाली ६०० मीटर. २२५ मीटरची खूण जमिनीच्या आत गेली. ती कधीच उडणार नाही. तुम्ही मात्र निर्धास्त, की यंत्र आहे.

यंत्र हवामानाप्रमाणे स्वतःला थोडं जुळवून घेत असेल, तरी घाटाच्या भरवशावर जीव टांगू नये. आमच्या कामात पहिला धडा हाच असतो: माप घेण्याआधी शून्य बघ.

घाटवाटा · सकाळी ६.४०

सातपूरकरांनी माझाच मुद्दा मांडला की. यंत्र आहे म्हणून निर्धास्त, आणि ते मुकं. आणि दोन्ही छत्र्या एकदम उघडल्या तर काय होतं हेही कोणीतरी सांगा.

दोनशे_उड्या · सकाळी ७.१५

होतं तसं. मुख्य छत्री फार खाली ओढली आणि ती सावकाश उघडत असताना डबीची उंची आली, तर दोन्ही बाहेर येतात. एकीमागे एक अशा शांत उडत असतील तर कोणतीच न सोडता हलक्या हातानं उतरायचं. दोघी विरुद्ध दिशांना पळून जमिनीकडे झेपावल्या तर मुख्य छत्री लगेच सोडायची. हे कोर्समध्ये शिकवतात, पाठ करून घेतात. अमेरिकेच्या संघटनेनं अनुभवी लोकांचीसुद्धा छत्री उघडण्याची किमान उंची २,००० वरून २,५०० फूट केली. मुख्य छत्री आणि डबी यांच्यात अंतर राहायला हवं, हे त्यामागचं कारण.

अजून एक सांगून ठेवतो, कारण विक्रेते सांगत नाहीत. मुख्य छत्री अर्धवट फाटली किंवा गुंतली आणि तुम्ही गरगर फिरत ३५ मीटरपेक्षा कमी वेगानं खाली येत असाल, तर डबी गप्प राहते. फार खाली येऊन मुख्य छत्री सोडली तर पुन्हा तेवढा वेग धरायला जागाच उरत नाही. ती फक्त एका प्रसंगासाठी आहे: तुम्ही दगडासारखे पडताय आणि कोणीच काही करत नाहीये.

देवळाली_कॅम्प · सकाळी ९.३०

मी निवृत्त सुभेदार, पॅराशूट रेजिमेंट. टाइप करायला वेळ लागतो, म्हणून रात्री वाचून घेतलं आणि आता लिहितोय.

१९८६ मध्ये आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये विंग्ज, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला, मिळाल्या. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. त्या सगळ्या उड्यांत छत्री मी उघडलीच नाही. दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, बाहेर पडलं की तीच ओढून उघडते. बाराशे-साडेबाराशे फुटांवरून उडी, तिथं विचार करायला वेळ कोणाला? तेव्हा आपोआप उघडणं म्हणजे कमीपणा हे माझ्या कधी मनात आलं नाही. छातीवर राखीव छत्री होती, तिचं हँडल आम्ही झोपेतही शोधायचो. उस्ताद रात्री बराकीत येऊन अंधारात विचारायचा, हँडल कुठंय, आणि हात तिथं गेला नाही तर मैदानाला फेऱ्या.

पुढे फ्रीफॉल शिकलो, म्हणजे मोकळं पडून छत्री स्वतः उघडायची. एका उडीची गोष्ट सांगतो. साडेतीन हजार फुटांवर हात मागे नेला, हँडल जागेवर नाही. हातमोजा जाड, थंडी कडक, कापडाची घडी हातात येत होती. मी ओढतोय, पुन्हा चाचपतोय, ओढतोय. माझं पूर्ण लक्ष त्या चार बोटांच्या जागेत. मनात पक्कं होतं की दोन-तीन सेकंद झाले असतील. मग काय वाटलं कोण जाणे, मनगटावरच्या उंचीमापकाकडे बघितलं. काटा लाल पट्ट्यात. राखीव ओढली. छत्री पूर्ण भरली तेव्हा जमीन नको तितकी जवळ होती. वरून बघणाऱ्या साथीदारानं नंतर सांगितलं, सुभेदार, तुम्ही बारा सेकंद हँडल शोधत होतात.

बारा सेकंद. मला तीन वाटले. मी भित्रा नव्हतो, आळशी नव्हतो, सराव भरपूर होता. माणसाचं डोकं अशा वेळी एकाच गोष्टीला चिकटतं आणि घड्याळ बंद पडतं. घाटवाटा साहेब, तुमचं शिस्तीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण शिस्त असलेल्या माणसाचंही घड्याळ बंद पडतं, हे मी भोगलंय. बेटा, यंत्र घे.

मखमलाबाद · सकाळी ९.४४

काका, अंगावर काटा आला. सलाम.

भूलतज्ज्ञ · दुपारी १.२०

रुग्णालयातून दोन मिनिटं काढून लिहितेय. हात आहेत ना, या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर देते.

खांदा निखळणं. आधी एकदा निखळलेला खांदा हवेच्या झोतात पुन्हा निखळू शकतो, आणि हँडल ओढायला हात मागे नेणं ही नेमकी तीच हालचाल आहे. ज्याचा खांदा निखळलाय त्याला विचारा, वेदनेत दुसरा हातही ऐकत नाही. दुसरं, हवेत दोघांची टक्कर. डोक्याला मार लागला की काही सेकंदांची बेशुद्धी पुरते, आणि या खेळात तेवढेच सेकंद असतात. तिसरं, फीट. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात एका शिकाऊला नऊ हजार फुटांच्या आसपास फीट आली. प्रशिक्षकानं हवेत गाठून साधारण चार हजार फुटांवर त्याची छत्री उघडली. मुलगा छत्रीखाली शुद्धीवर आला आणि नीट उतरला. प्रशिक्षकाला गाठता आलं नसतं तर त्याच्यासाठी कोण उरलं असतं?

गोदाकाठची, तुम्हाला कधी फीट, चक्कर, खांद्याचं दुखणं असेल तर लपवू नका. यंत्राच्या आधी हे.

गोदाकाठची · दुपारी २.०५

डॉक्टर, उजवा खांदा बारावीत कबड्डी खेळताना निखळला होता. पुन्हा कधी त्रास नाही. हे मी कोर्सच्या अर्जात लिहिलेलं नव्हतं. आज लिहिते. धन्यवाद, हे कोणी विचारलंच नसतं.

भूलतज्ज्ञ · दुपारी २.३०

नुसतं लिहू नका, अस्थितज्ज्ञाकडून तपासून घ्या. खांद्याभोवतीचे स्नायू मजबूत करायचे व्यायाम देतील. जानेवारीला अजून वेळ आहे.

द्राक्षवाला · सायंकाळी ६.५०

दिंडोरीहून. विषय थोडा बाजूला जातोय, पण राहवत नाही. आपल्याकडे कोणी हा खेळ सुरू करायचं म्हटलं तर उतरणार कुठं? जिकडं बघाल तिकडं द्राक्षाचे मांडव. वरून हिरवी गादी दिसत असेल, पण खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. माझ्या बागेत एकदा लग्नाच्या मिरवणुकीतला मोठा फुगा येऊन पडला, तो काढताना माझा हात कोपरापर्यंत फाटला. माणूस पडला तर काय होईल, विचार करवत नाही. तिकडं थायलंडमध्ये उतरायच्या जागेभोवती काय आहे, तेही विचारा पोरी.

दोनशे_उड्या · सायंकाळी ७.१०

विषय अजिबात बाजूला गेलेला नाही. मी वर म्हटलं ना, आता बहुतेक अपघात जमिनीजवळच होतात. पहिल्या दिवशी मैदानाचा हवाई फोटो दाखवतात, तारा, पाणी, झाडं कुठं आहेत ते. तो फोटो ताई तुम्ही दहा वेळा बघा. डबी तुम्हाला जिवंत छत्रीखाली आणून सोडते. पुढचं सगळं तुमचं.

नाशिकरोडची_आई · रात्री ८.४०

मी फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझा मुलगा परदेशात शिकतो आणि हा खेळ खेळतो. मला काहीच कळत नाही त्यातलं. त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तीन दिवस जेवण गेलं नाही. मग एक दिवस त्यानं व्हिडिओ कॉलवर ती सगळी पिशवी उघडून दाखवली. हे इथं आई, हे असं कापतं, मी बेशुद्ध झालो तरी उघडतं. लाल दिवा लावून दाखवला. मी त्याला म्हटलं, प्रत्येक उडीच्या दिवशी हे चालू केल्यावर मला फोटो पाठव. तेव्हापासून पाठवतो, शून्याचा. माझ्या फोनमध्ये एकसष्ट शून्यं आहेत.

मुली, तुझ्या आईला तो फोटो पाठवत जा.

गोदाकाठची · रात्री ९.००

काकू, आईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मग येऊन म्हणाली, त्या बाईंना सांग, मलापण शून्य पाठवणार आहेस.

ओझरकर · रात्री ९.४८

उशिरा आलो. नोकरी सगळी ओझरच्या विमान कारखान्यात गेली, आता निवृत्त. १९६४ मध्ये तो मिग-२१ साठी उभा राहिला, मी बराच नंतर लागलो. काम वैमानिकाच्या खुर्चीशी संबंधित होतं.

लढाऊ विमानातून वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला जातो तेव्हा पुढचं सगळं आपोआप होतं. खुर्ची सुटणं, छत्री उघडणं, सगळं. फार उंचावर असेल तर यंत्रणा थांबते, कारण तिथं हवा विरळ आणि थंडी जीवघेणी, मग खाली आल्यावरच छत्री उघडते. आत हवेच्या दाबावर फुगणारी-आकसणारी धातूची डबी आणि घड्याळाची यंत्रणा. हे असं का? कारण त्या धक्क्यात वैमानिक बेशुद्ध असू शकतो, हे खुर्ची बनवणाऱ्यानं गृहीतच धरलंय. देशातले सर्वांत तरबेज लोक त्या खुर्चीत बसतात. त्यातल्या कोणी आजवर म्हटलं नाही की हे काढा, मला हात आहेत.

घाटवाटा यांची शंका जुन्या काळी खरी होती. रशियन केएपी-३ सारखी यंत्रं घड्याळाची, चावी भरायची. तसल्या जुन्या यांत्रिक वस्तूंवर अनुभवी स्कायडायव्हर विश्वास ठेवत नसत, भलत्या उंचीवर उघडायच्या. घोळक्यात कोणाची राखीव छत्री अचानक उघडली तर हवेतच जीव जायचा. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी "नको ती डबी" बसलंय. ते गृहस्थ त्याच काळात शिकले असावेत. आजचं यंत्र वेगळं आहे.

पण ताई, जुन्या वस्तूचं माझं पहिलं विचारणं एकच: निर्मितीची तारीख. आमच्याकडे तारीख उलटलेला भाग चकचकीत असला तरी लाल पट्टी लावून बाजूला जायचा. या डबीत बार असतो, बॅटरी असते. तिलाही आयुष्य असतं. लेबलचा फोटो मागवा.

मखमलाबाद · रात्री ९.५५

काका, दोन दिवस सगळे घ्या-नको करत बसलो आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलात.

घाटवाटा · रात्री १०.३०

सुभेदार काकांचे बारा सेकंद दिवसभर डोक्यात होते. वैमानिकाच्या खुर्चीचं तर माझ्याकडे उत्तरच नाही. माझं मत अर्धं बदललं. यंत्र असावं. पण सराव असा व्हावा की जणू ते नाहीच. २०२१ मध्ये आपल्याकडे हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही केलं होतं. लोक पंपापुरतं हेल्मेट घालायचे आणि पुढच्या चौकात आरशाला अडकवायचे. ही डबी तशी विमानात चढण्यापुरती व्हायला नको. ताई, सराव कसा करणार आहात?

गोदाकाठची · बुधवार, सायंकाळी ७.२०

फोटो आला. ओझरकर काका, लेबलवर लिहिलंय सायप्रेस-२, निर्मिती ऑगस्ट २०११.

ओझरकर · सायंकाळी ७.३५

मग लाल पट्टी.

दोनशे_उड्या · सायंकाळी ७.५०

काका बरोबर. २०१६ च्या आधीच्या सायप्रेस-२ चं आयुष्य निर्मितीपासून बारा वर्षं आणि वर थोडे महिने. शिवाय मधे चौथ्या आणि आठव्या वर्षी कंपनीकडे तपासणीला पाठवावं लागायचं. याचं ते केव्हाच संपलं. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. राखीव छत्रीची घडी शेवटची कधी, तेही विचारा. अमेरिकेत १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून, म्हणजे छत्र्यांच्या कारागिराकडून, उघडून पुन्हा घालावी लागते.

म्हणजे ते साठ हजार तुम्ही एका मेलेल्या डबीचे देणार होतात.

गोदाकाठची · रात्री ८.४०

त्यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटची उडी २०१९ मध्ये मारली होती म्हणाले. तारीख उलटल्याचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. खूप ओशाळले. म्हणाले, मी तुला मुद्दाम फसवत नव्हतो. मला ते पटलं. किट घेत नाहीये. त्यांनी मात्र एक केलं, रिकामा हार्नेस सरावासाठी तसाच देतो म्हणाले, उद्या घेऊन येते.

कोर्स केंद्राच्या किटवर करणार. परवाना झाल्यावर स्वतःच्या वजनाची छत्री आणि नवीन यंत्र. ते लाखाच्या पुढे जातं, पण तोवर पैसे साठतील. अस्थितज्ज्ञाची वेळ शनिवारची मिळाली.

घाटवाटा दादा, सरावाचं विचारलंत. खरं सांगू? घरात पलंगावर पालथं पडून हात मागे नेते, एवढंच.

देवळाली_कॅम्प · रात्री ९.१५

पलंगावर नाही जमणार. रविवारी सकाळी सहा वाजता कॅम्पात ये, आमच्या घरामागच्या मोकळ्या मैदानावर. उतरताना पाय जोडून बाजूला कसं लोळायचं ते शिकवतो. पंचवीस-तीस वेळा लोळलीस की अंगात मुरेल. जुने कपडे घाल, कोपर झाकलेले.

घाटवाटा · रात्री ९.२८

काका, तुमच्याकडे जाड फांदीचं झाड आहे का? असेल तर मी दोर, पुली आणि कॅरबिनर घेऊन येतो. तो रिकामा हार्नेस टांगू. ताई त्यात लोंबकळतील, डोळ्यांवर पट्टी बांधू, कधी मुख्य छत्री सोडायची, कधी राखीव ओढायची, मी मधेच ओरडून सांगेन. खोटी हँडलं मी घरी शिवून आणतो. वेळ घड्याळावर मोजू.

देवळाली_कॅम्प · रात्री ९.४०

चिंचेचं झाड आहे. माझ्या दोन्ही पोरांचा झोका होता त्यावर. फांदी मजबूत आहे.

भूलतज्ज्ञ · रात्री ९.५२

शनिवारी खांद्याचा अहवाल आल्याशिवाय रविवारी लोंबकळायचं नाही. हे लेखी देतेय.

मखमलाबाद · रात्री १०.००

अहवाल बरा आला तर साडेआठला सगळ्यांना मिसळ माझ्याकडून. घड्याळ मी धरतो.

गोदाकाठची · रात्री १०.१२

शनिवारी रात्री अहवालाचा फोटो इथंच टाकते. हातमोजे कोणते आणू काका, जाड की पातळ?

देवळाली_कॅम्प · रात्री १०.२०

दोन्ही. आधी जाड.